मोटरीची वेळ

काकी, आज सकाळी पाणी अगदी वेळेवर आलं. सात म्हणजे सात. तुमच्या संतोषने मोटरीला टायमर बसवून घेतलाय. आपोआप सुरू होते, टाकी भरली की आपोआप बंद होते. तिन्ही मजल्यांवरून कुणाला ओरडावं लागलं नाही, सगळे भाडेकरू खूश आहेत. मी बादली लावली, ती भरून वाहायला लागली, तरी नळ बंद करायला हात उठेना. तुमच्या हातचं पाणी कधी पाच मिनिटं आधी यायचं, कधी दहा मिनिटं उशिरा, आणि उशीर झाला की पाण्याआधी खालून तुमचा आवाज यायचा, "आलं गं आलं, बोंबलू नगा." आता नुसतं पाणी येतं.

काल तुमचं तेरावं झालं. मांडवात लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होते, की आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तेराव्याला जेवायला बसलोय की काय, असं मला दोनदा वाटलं. म्हणे, कधी कुणाला वाकडा शब्द बोलल्या नाहीत. काकी, सकाळचा चहा व्हायच्या आत तुम्ही दोघातिघांना वाकडं बोलून मोकळ्या व्हायचात. कोपऱ्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. त्यावरचा फोटो मी काढलेला आहे. तुम्ही टीव्हीतल्या एका वकिलाकडे रागाने बघत होतात, कारण त्याने एकाच दिवसात खटल्याचा निकाल लावून घेतला होता. "पौडच्या कोर्टात ये म्हनावं, तारीख घ्यायला," असं तुम्ही त्याला म्हणालात आणि मी फोटो काढला. संतोषला तोच सापडला. लोक म्हणतात, काय करारी चेहरा. त्याच नजरेने तुम्ही आता रस्त्यावरच्या ट्रॅफिककडे बघताय, आणि तुम्हाला राग कशाचा आलाय ते भुकूममध्ये मला एकटीलाच माहीत आहे.

चार वर्षं झाली मला तुमच्याकडे येऊन. हिंजवडीत नोकरी, परभणीचं माहेर, मोडलेलं लग्न. एवढं सगळं तुम्ही खोली दाखवता दाखवता जिन्यातच काढून घेतलंत. "घरची येत्यात का?" म्हणून विचारलंत. मी म्हटलं, नाही, बोलत नाहीत. "बरं. चपला भाईर काढायच्या. पानी सकाळी सात अन् सांजच्याला पाच. मोटर मीच लावती, दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई." माझ्या दुःखाची एवढ्यात बोळवण झाली. मला तेव्हा तुमचा राग आला होता. नाव विचारलंत, पण वापरलं कधीच नाही. खालच्या खोलीतला तो 'नांदेड', आणि मी 'परभणी'. आता ऑफिसात कुणी मला नावाने हाक मारली की दुसऱ्याच कुणाला बोलावतायत असं वाटतं.

सिनेमाचं सुरू झालं ते पायरीवर. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात. "ह्यात शिनेमा बी दिसतो व्हय?" दिसतो म्हटलं. "मंग एकटीच काय बघती? हितं घरात मोठा टीवी पडलाय." त्या रविवारपासून दुपारी दोन वाजता तुमच्या हॉलमध्ये आपला खेळ लागायला लागला. सिनेमा माझा, उकडलेल्या शेंगा तुमच्या. कुठला लावू विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, "कंचा बी लाव, आपल्याला काय त्यातलं कळतंय." आणि मग पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला सगळं कळायला लागायचं.

भुताच्या सिनेमाला मी उशी घट्ट धरून बसायचे आणि तुम्ही शेंगा सोलत म्हणायचात, "एवढा बंगला, अन् झाडायला एक बाई न्हाई. भूत न्हाई ऱ्हानार तर कोन ऱ्हाईल?" त्यातली पोरगी दाराशी गेली की तुम्ही वैतागायचात. कोन हाय म्हनून इचारायला काय हुतंय, म्हणायचात. तुमच्या मते निम्मी भुतं एवढं विचारलं असतं तरी परत गेली असती. मारामारीच्या सिनेमात मला हिरोची काळजी आणि तुम्हाला टोमॅटोंची. हिरो भाजीच्या गाड्यावर पडला की तुम्ही पाय आखडून घ्यायचात. "त्या बाईचं बघ गं कुनी तरी. सकाळधरनं मांडून बसली आसंल." पुढचा अर्धा तास तुम्हाला ती भाजीवालीच हवी असायची, आणि ती काही परत दिसायची नाही.

ऐतिहासिक सिनेमात घोडी दमलीयेत, त्यांना पाणी पाजा. प्रेमाच्या सिनेमात ही पोरं जेवतात कधी. डोंगरावरच्या गाण्यात, "आमच्या डोंगराला ये म्हनावं, कुसळं टोचली की नाचशील चांगली." आणि खेड्यातला सिनेमा असला की तुम्ही सरसावून बसायचात. हिरोने नांगर धरला की तुमची नजर बैलावर. "त्यो बैल त्याचा न्हाई. बघ की कसा बघतुया त्याच्याकडं, पाव्हन्यावानी." मी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला होता. खरंच, बैल त्याच्याकडे पाहुण्यासारखाच बघत होता. मला त्या हिरोचा सिनेमा परत कधी मनापासून बघता आला नाही.

खुनाच्या सिनेमात खुनी ओळखायची तुमची एकच रीत होती. जो चहा घेता का म्हणून सगळ्यांना विचारतो, तो. दहातल्या सात वेळा तुम्ही चुकायचात. सिनेमाने दुसऱ्याच कुणाला पकडलं तरी तुम्ही मागे हटायच्या नाहीत. "पोलिसाला कळलं न्हाई," म्हणायचात. एकदा मी माझ्या आवडीचा, बक्षिसं मिळालेला, सावकाश चालणारा सिनेमा लावला. एक म्हातारा, एक घर, खिडकीतून दिसणारं झाड. तासाभराने तुम्ही विचारलंत, "ह्यात काय झालं?" मी म्हटलं, काहीच होत नाही काकी, तेच तर आहे त्यात. "मंग आपलं घर बघ की. हितं बी काय हुईना." मी रुसले. तुम्ही माझ्यापुढे शेंगांचं ताट सरकवलंत आणि म्हणालात, झाड मात्र चांगलं होतं.

आणि साड्या. लग्नाच्या सिनेमात नट्यांच्या साड्यांवर तुमचं बारीक लक्ष. लाल झाली, हिरवी झाली, जांभळी झाली, पण आमसुली कुणी नेसत नाही, ही तुमची कायमची तक्रार. मी म्हटलं, काळपट दिसत असेल म्हणून. त्यावर तुम्ही सिनेमा थांबवायला लावलंत. तुमच्या लग्नात थोरल्या भावाने, तुमच्या दादाने, तुमच्यासाठी आमसुली पातळ आणलं होतं. घरातल्या बायांनी नाकं मुरडली. म्हणाल्या, लग्नाला काळं आणलं. दादा ते पातळ घेऊन अंगणात गेला आणि उन्हात धरून दाखवलं. "दिव्याखाली काळं दिसतंय. उनात न्यावं लागतं, तवा कळतंय. त्यो रंग मला लई आवडायचा, अन् ते एकट्या दादालाच ठावं." तुम्ही हे सांगताना हसत होतात. मग पडद्याकडे हात करून म्हणालात, लाव पुढचं. दादाचं नाव मी तुमच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

पण कुठलाच सिनेमा तुम्ही शेवटपर्यंत बघितला नाहीत. शेवट जवळ आला, गाणं संपलं, माणसं धावायला लागली की तुम्ही पदर खोचून उठायचात. "मोटरीची वेळ झाली." पाच वाजले असोत नाहीतर साडेतीन. सुरुवातीला मला खरंच मोटर वाटायची. नंतर लक्षात आलं, की तुम्ही मागच्या अंगणात जाऊन नुसत्या उभ्या असता. सोमवारी मी जिन्यात शेवट सांगायला गेले की हात वर करायचात. "ऱ्हाऊ दे. शेवटची पाच मिंटं खोटी असत्यात. आख्ख्या शिनेमात न्हाई आलेलं मानूस तवाच कसं येतंय?"

आपला सगळा वाद तो होता, काकी. चार वर्षं. मी म्हणायचे, माणसं येतात. उशिरा येतात, पण येतात. तुम्ही म्हणायचात, न्हाई येत, एकदा गेलं की गेलं, रडायला बरं म्हनून शिनेमावाले आनत्यात. मी दाखले द्यायचे, तुम्ही शेंगा सोलायचात. मी कुणासाठी एवढी भांडतेय हे तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या घरून चार वर्षांत फोन नव्हता. म्हणून तुम्ही वाद फार ताणला नाहीत, मधेच चहाचं विचारायचात.

दादाचं पुढचं तुम्ही एका पावसाळी दुपारी, वीज गेल्यामुळे सिनेमा अर्धा राहिला तेव्हा सांगितलंत. लवळ्याच्या डोंगराखाली तुमच्या वडलांची जमीन. भाव आले, गिऱ्हाईक आलं, आणि दादा हक्कसोडीचा कागद घेऊन तुमच्याकडे आला. बहिणीने आपला हक्क सोडला असं लिहून द्यायचा कागद. इकडच्या सगळ्याच बहिणी देतात. सही करायची, जेवायचं, साडी घ्यायची, परत यायचं. तुम्ही म्हणालात, दोन दिवस दे, इचार करती.

"मला जमीन नगं व्हती गं. पन म्हनलं, जल्मात पयल्यांदा कुनी तरी मला इचारलंय. तर जरा इचार करून बघावा की."

बस, एवढंच. दादाने ते 'नाही' धरलं. भावाच्या शब्दावर बहिणीने विचार करायचा असतो, हेच त्याला खपलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून पौडला कचेरीत गेलात आणि सही केलीत. तो समोरच्या बाकावर बसला होता. कागद घेतला, घडी घातली, उठून गेला. त्याला नऊ वर्षं झाली. दोन दिवसांचा विचार आणि नऊ वर्षांचा अबोला. मी चिडले होते. मी म्हटलं, सहीच करायची नव्हती, हक्क होता तुमचा. तुम्ही म्हणालात, हक्क काय, मोटरीचं पानी हाय व्हय, बटन दाबलं की यायला? मग वीज आली आणि तुम्ही मला सिनेमा बंदच ठेवायला सांगितलंत.

त्या दिवाळीला तुम्ही माझ्या खोलीत आलात. हातात निळं पातळ, बारीक पांढऱ्या काठाचं. "तुजं घरचं कुनी येत न्हाई ना. मंग हे घे. माह्यारचं म्हन." मी कुर्ते घालणारी बाई, मला नीट नेसताही येत नाही. तुम्हीच निऱ्या घालून दिल्यात आणि मागे सरून बघत म्हणालात, बरी दिसती. तुमच्याकडून मला मिळालेली ही एवढीच शाबासकी. मी तेव्हा रडले नाही. आता कोरड्या डोळ्यांनी हे लिहिता येत नाहीये.

आणि आता ते लिहिते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

गेल्या महिन्यातला तो रविवार. मी मुद्दाम तो सिनेमा शोधून आणला होता. मुद्दाम, काकी. बहीणभावाचा. नदीच्या दोन काठांवर दोन घरं, वर्षानुवर्षं बोलणं नाही, आणि शेवटी भाऊ नव्या तांदळाचं पोतं डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत येतो. मी तो आधी बघून ठेवला होता, शेवट मला माहीत होता. तो नदीत उतरला आणि तुम्ही पदर खोचलात. मोटरीची वेळ झाली, म्हणालात. मी तुमचा हात धरला. "चार वाजलेत काकी. मोटरीला तास आहे. आज बसायचं. माझ्यासाठी." चार वर्षांत मी तुमच्याकडे स्वतःसाठी म्हणून काही मागितलं नव्हतं. तुम्ही बसलात.

तो तिच्या दारात आला. तिने आतून तांब्या आणला आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. तुमच्या हातात शेंग तशीच होती, न सोललेली. नावं वर सरकायला लागली तरी तुम्ही उठला नाहीत. मग म्हणालात, "पानी घातलं तिनं पायावर." मी म्हटलं, बघा. मी 'बघा' म्हटलं, काकी. जिंकल्यासारखं.

मंगळवारी मी घरूनच काम करत होते. गॅलरीतून दिसलात. कपाटातलं इरकली नेसलेलं, केस नीट बसवलेले, हातात स्टीलचा डबा. डब्यात सांजोऱ्या होत्या, सकाळीच वास आला होता. "जरा जाऊन येती," म्हणालात. कुठे ते मी विचारलं नाही, मला कळलं होतं. लवळ्याला जाणाऱ्या रिक्षेत कॉलेजच्या पोरांमध्ये तुम्ही अंग चोरून बसलात, आणि मी वरून हात हलवला. मी खूश होते. ऑफिसच्या कॉलवर सुद्धा मी हसत होते.

तीनच्या आत तुम्ही परत आलात. डबा तसाच जड होता. मी धावत खाली आले. तुम्ही पायरीवर बसलात आणि पाणी मागितलंत. मग म्हणालात, "घर लई मोठं झालंय. गेटाला वॉचमन हाय, हिंदी बोलतो. त्यानं आत फोन लावला. मंग मला म्हनला, साहब घर पे नहीं हैं." पाणी प्यायलात आणि म्हणालात, "पायरीवर दादाच्या वाहना व्हत्या. त्यो वाहना काडल्याबिगर घरात जात न्हाई." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तुम्ही उठलात. "मोटरीची वेळ झाली." सव्वातीन वाजले होते.

सांजोऱ्या तुम्ही सगळ्या भाडेकरूंना वाटल्यात. मलाही दोन दिल्यात. मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तुम्ही सिनेमा लावू दिला नाहीत. डोळे दुखतात म्हणालात. मला सगळं कळत होतं आणि मी तुमची माफी मागितली नाही. जिन्यात भेटलो की हवापाण्याचं बोलायचे. मला वाटायचं, थोडे दिवस जाऊ देत, एखादा विनोदी सिनेमा लावू, आपोआप सगळं सुरळीत होईल. आपोआप. सही आपोआप होईल असं धरून आलेल्या तुमच्या दादाइतकाच माझा आपोआपवर विश्वास. रिक्षेत बसलात तेव्हा मी तुम्हाला थांबवायला हवं होतं, निदान सोबत यायला हवं होतं, त्या वॉचमनशी हिंदीत भांडायला हवं होतं. मी गॅलरीतून हात हलवला. तुम्ही नऊ वर्षं बंद ठेवलेलं दार मी दोन तासांच्या सिनेमाने उघडायला लावलं, आणि ते तुमच्या तोंडावर आपटलं. संतोष म्हणतो, आईला आधीपासूनच हृदयाचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. डॉक्टरही तेच म्हणाले. खरंच असेल. मला त्याचा काही उपयोग होत नाही.

त्या सकाळी सात वाजले, सव्वासात झाले, पाणी नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं. नांदेड ओरडला. मग मी ओरडले. "काकी, पाणी!" दोनदा. तिसऱ्या वेळी गॅलरीत येऊन, चढ्या आवाजात, "काकी, मीटिंग आहे हो माझी!" तुम्ही मोटरीच्या खोलीत पडला होतात. हात बटणापर्यंत पोचला नव्हता. तुम्हाला माझा आवाज ऐकू आला की नाही हे कुणी मला सांगू शकत नाही. ऐकू आला असेल तर माझं शेवटचं बोलणं तुमच्यापाशी तेवढंच आहे.

मग ती वाट बघणं. तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. शेजारच्या पारूआक्का म्हणाल्या, "माह्यारचं लुगडं आल्याबिगर उचलायचं न्हाई." मी आमच्याकडेही हे पाहिलंय. बाईवर शेवटचं वस्त्र माहेरचं पडतं, भाऊ नाहीतर भाचा ते घेऊन येतो. संतोषने साडेनऊला मामांकडे फोन केला. निघतायत, असं त्यांची सून म्हणाली. साडेदहाला म्हणाली, गाडी काढलीय. लवळ्याहून भुकूमला किती वेळ लागतो हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. पोरं चहा प्यायला इकडे येतात. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. प्रत्येक पांढऱ्या गाडीला पाऊल पुढे टाकलं. मला तुमच्यासाठी ते यायला हवे होते, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही. ते आले असते तर तुम्हाला तिकडे पाठवण्यात माझं काही चुकलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. हीच शेवटची पाच मिनिटं, असं मी स्वतःला सांगत होते. आता येतील. पोतं घेऊन, पाण्यातून, कसेही.

दीड वाजता फोन आला. तुमी पुढं व्हा.

ऊन वर आलं होतं, माणसं ताटकळली होती. बायका आपसात कुजबुजायला लागल्या. मग पारूआक्का माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू तिची मानलेली हायेस. तूच आन. माह्यारचं म्हनून तूच घाल." मी वर गेले. कपाट उघडलं. कुर्ते, जीन्स, ऑफिसची जॅकेटं. पातळ एकच होतं. निळं, बारीक पांढऱ्या काठाचं. तुम्ही दिलेलं.

काकी, तुमचंच पातळ मी तुमच्या अंगावर माहेरचं म्हणून घातलं. बायका रडल्या. कुणीतरी म्हणालं, शिनेमात घडावं तसं झालं गं. तसंच झालं होतं. खोटं. तुम्ही पदर खोचून उठला असतात, पण उठणार कशा.

तिसऱ्या दिवशी, सावडून सगळे घरी आल्यावर, लवळ्याचा एक रिक्षावाला संतोषच्या हातात पिशवी देऊन गेला. मामांनी पाठवलीय म्हणाला, आणि थांबला नाही. दुकानाची पिशवी, आत घडी केलेलं पातळ. संतोष ते माझ्याकडे घेऊन आला. "ताई, ह्येचं काय करू? आता कुनाला घालू?" त्याला रडू फुटलं. मग म्हणाला, "तुमचं गेलं ना आईबर. हे तुमी ठेवा." मी घेतलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर फेकलं. दहा दिवस मी तिकडे बघितलं नाही.

आज दुपारी काढलं. रविवार आहे, दोन वाजले होते, हात आपोआप लॅपटॉपकडे गेला म्हणून उठले आणि कपाट उघडलं. ट्यूबखाली घडी मोडली. काळं. मेलेल्या बहिणीला काळं पातळ. मला इतका संताप आला की तसंच ते लवळ्याला नेऊन त्या गेटावर टाकून यावं असं वाटलं. चप्पल घालून मी गॅलरीतून खाली जायला निघाले. पिशवी विसरले होते, पातळ नुसतंच हातावर होतं, आणि गॅलरीत ऊन होतं.

आमसुली आहे, काकी.

मी तिथेच खाली बसले. पाच वाजले, खाली मोटर आपोआप सुरू झाली, टाकी भरली, बंद झाली. पातळ मांडीवर तसंच होतं. रंग बरोबर आहे. तुम्ही सांगितलेला तोच, उन्हात कळणारा. चाळीसेक वर्षांनी सुद्धा त्यांनी दुकानात उभं राहून तो बरोबर शोधला. म्हणजे त्या मंगळवारी वॉचमनचा फोन वाजला, तेव्हाही तो रंग त्यांना आठवतच असणार.